आधी पूर्ण वाचा, मग रागवा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. नोकरी सोडली. पीएचडीला प्रवेश घेतलाय, फी माफ आहे आणि विद्यावेतनात माझं भागतं. आई, लगेच कपाळाला हात लावू नकोस. खोलीत सकाळचं ऊन येतं, जेवण वेळेवर होतं, जाड पांघरूणही घेतलंय.

बाबा, तुम्ही विचारणार, आता शोधायचं काय राहिलंय? तर तुमचा चष्माच घ्या. तो हरवला की तुम्ही घरातले सगळे कप्पे उघडत सुटता. आई तुमच्या खुर्चीपासून सुरुवात करते आणि तिथे नसेल तरच पुढे सरकते. माझा विषय म्हणजे आईची ती पद्धत.

बिनतारी संदेश पाठवताना चार अँटेनांमधून एकाच वेळी चार चिन्हं निघतात, प्रत्येक १६ पैकी एक. हवेत ती एकमेकांत मिसळतात, वर गोंगाट. नेमकी कुठली निघाली होती, हे बाबांच्या पद्धतीने शोधायचं तर ६५,५३६ शक्यता. आठ अँटेना केल्या की ४२९ कोटींच्या वर! म्हणून प्रत्येक शक्यता म्हणजे एका जाळीतला बिंदू मानायचा, आलेल्या संदेशाभोवती एक गोल कल्पायचा, त्यातलेच बिंदू तपासायचे, आणि जवळचा सापडला की गोल आणखी आवळायचा. फिंके आणि पोस्ट या गणितज्ञांची ही १९८५ची युक्ती मुळात शुद्ध गणितातली.

खरा घोळ या बिंदूंच्या जाळीचा आहे, हवेतल्या मिसळीने ती तिरकी होते. बाबा, आपण चौकटीची चादर घडी करायचो, आठवतं? तुम्ही मुद्दाम तिरकी ओढायचात, चौकटी लांबुळक्या व्हायच्या, आणि मधलं बटण कुठल्या कोपऱ्याच्या जवळ आहे ते मला सांगता यायचं नाही. मी रडकुंडीला आले की म्हणायचात, "अगं, आधी चादर सरळ कर." दोघे लेन्स्ट्रा भाऊ आणि लोव्हास या गणितज्ञांनी १९८२ मध्ये जाळी जमेल तितकी सरळ करायची रीतच दिली. पण २००५ मध्ये हेही सिद्ध झालं, की गोंगाट तेवढाच राहिला तर अँटेना वाढतील तशी गोलातल्या शोधाची सरासरी मेहनत घातांकी वेगाने, म्हणजे पटीपटीने, वाढते. मग किती चूक चालवून घेतली की किती वेळ वाचतो? मी त्याच्या मागे आहे. ऑफिसात मी तयार चिपच्या चाचण्या घ्यायचे, "हे असं का" म्हटलं की, "चालतंय ना?" असं उत्तर मिळायचं. तुम्ही मला तसं उत्तर कधीच दिलं नाहीत, त्यामुळे यात थोडा दोष तुमचाही.

यंदा येणं मात्र जमेलसं वाटत नाही. अगदीच नाही असं नाही, चार दिवस काढायचा प्रयत्न करतेय. तोवर बाबा, रक्तदाबाची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज, मोजून. मी फोनवर विचारणार आहे आणि खोटं बोललीस तर मला कळतं.

आणि बाबा, चष्म्याला दोरी लावून घ्या. आईला आता खुर्चीखाली वाकवत नाही.

तुमची,
ठमी