मित्र खवळतो तेव्हा

म्हापसा,
१४ जून

चि. सोनू,
सलाम आणि आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या येशूशी गप्पा मारते, तेवढं मला पुरतं. ते बायबलच्या स्तोत्रातलं, रागावलेल्या देवाच्या नाकपुड्यांतून धूर निघणारं प्रकरण मला नको." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली नि मी फोन ठेवला. पण तेव्हापासून डोक्यात तेच आहे. वर्गात पहिलीच्या पोरांचं रडणं अजून थांबलेलं नाही, त्या गलक्यातही मी तुला मनातल्या मनात उत्तरं देत असते. म्हटलं, लिहूनच काढावं.

गप्पा सोडू नकोस. मराठी माणसाला देवाशी सलगी शिकवावी लागत नाही. जनीसोबत दळायला बसणारा विठ्ठल आपण ख्रिस्ती घरात वाढूनही ऐकलेलाच असतो. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड टिळक तर म्हणायचे की, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आणि शिष्यांना "आता मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो" असं खुद्द प्रभूनेच सांगितलंय. तेव्हा तुझं अंथरुणातलं बोलणं शास्त्राला धरूनच आहे!

तरी ते अठरावं स्तोत्र एकदा पुन्हा वाच. धूर आहे, गारा आहेत, विजा आहेत, शत्रूंची दाणादाण आहे, सगळं मान्य. पण सुरुवात कुठून होते बघ. एका माणसाने संकटात हाक मारली आणि ती वर ऐकू गेली. आभाळ लववून देव खाली येतो आणि हात घालून त्याला खोल पाण्यातून बाहेर काढतो.

मला खरं सांगायचंय ते योहानाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायाबद्दल. "आपला मित्र लाजर झोपला आहे," असं म्हणून येशू त्या मेलेल्या मित्राच्या गावाला, बेथानीकडे निघतो. शिष्य घाबरलेले, कारण यरुशलेमेत नुकतेच लोक त्याच्यावर दगड उचलून धावले होते आणि बेथानी तिथून जेमतेम तीन किलोमीटर. तरी तो जातो. लाजराची बहीण मरिया पायाशी पडून रडते, आणि आपल्या मराठी बायबलात तिथे शब्द आहे, तो आत्म्यात 'खवळला'. जरा खाली, "येशू रडला."

इथे गोव्यात खवळतो तो दर्या. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर जेटीला बांधून ठेवतात, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. शाळेत मी 'खवळलेला समुद्र' हे फळ्यावर लिहिते, मुलं हात हलवून लाटा करून दाखवतात. तोच शब्द, आणि रडण्याच्या इतक्या शेजारी! मूळ ग्रीक शब्द घोड्याच्या फुरफुरण्यालाही वापरत, असं पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं. म्हणजे नाकपुड्या इथेही आल्याच, बाई. कुणावर खवळला, यावर विद्वान वाद घालतात. मला वाटतं, त्या कबरीवर. मित्राला ज्याने नेलं, त्याच्यावर.

आता तू विचारशील, येशूने हाक मारल्यावर लाजर कबरीतून उठला, मग पप्पा का नाही उठले? मीही हेच विचारलं होतं. लाजराच्या दुसऱ्या बहिणीचं, मार्थेचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, "प्रभू, तू इथे असतास तर..." उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही, आणि मी ते तुझ्यापुढे झाकून ठेवणार नाही.

त्याच महिन्यातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तेव्हा आपण ज्या घरात भाड्याने होतो, तिथला मालक दोन माणसं घेऊन आला, आठवड्यात खोली रिकामी करा म्हणाला. तू शाळेत होतीस. मला शब्दच फुटेना. तेवढ्यात शेजारची मावशी आली. तीच, रोज चारला आपल्या ओट्याशी बसून चहा पिणारी, सायबिणीसमोर, म्हणजे मरियामातेसमोर, मेणबत्ती लावताना पुटपुटण्यापलीकडे जिचा आवाज कधी ऐकला नव्हता ती. खोबरं खोवता खोवता उठली होती, हातात अर्धी कवड तशीच. दारात उभी राहून कोकणीत तिने जे काय सुनावलं ते मला पुरतं कळलंही नाही! ती तिघं गेली. मग ती आत आली, खाली बसली आणि माझ्याबरोबर रडायला लागली. कवड हातातच. चहा पिणारी मावशी आणि दारातली मावशी मला दोन बायका वाटल्या नाहीत. चहाच्या सगळ्या वर्षांचंच ते ओरडणं होतं.

तुला या रागाची भीती वाटते, त्याचंही मला कळतं. गोव्यात राहून ती न वाटणं कठीण. १५६० साली इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरून माणसांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं ते कायमचं उठायला १८१२ उजाडलं. देवाच्या वतीने खवळायचा मक्ता माणसांनी घेतला की काय होतं, ते जुन्या गोव्याच्या जमिनीला विचारावं. आणि त्याच काळात, त्याच राजवटीत, थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री मराठीत ओव्या रचत बसला होता. दहा हजारांवर ओव्यांचं त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ ला इथेच गोव्यात, राशोलला छापलं गेलं. दोन्ही आपल्याच चर्चच्या खात्यावर आहे, एकाने दुसरं खोडून निघत नाही.

म्हणून मी गेथशेमाने बागेतली, येशूला पकडलं ती रात्र धरून बसते. मशाली घेऊन शिपाई येतात, तो स्वतः पुढे होतो, "मी तो आहे, यांना जाऊ द्या." शिष्य पेत्राने उपसलेली तलवार म्यानात घालायला लावतो. शिष्य मागे, शिपाई पुढे आणि मधे तो एकटा, रिकाम्या हातांनी.

असो. रविवारी मावशीकडे लदीन, म्हणजे घरची प्रार्थना, आहे, चणे मीच उकडणार आहे. तुझ्यासाठी सोलं आणि आंबोशी पार्सल करते, डबा मात्र परत आण, मागचे दोन तिकडेच आहेत. आणि रात्रीच्या गप्पांत एकदा माझाही विषय काढ. गुडघा फार दुखतो पावसात.

तुझी,
आई