आयपी नोंदवणाऱ्या स्क्रिप्टचा क्रम उलटा आहे

महोदय,

संकेतस्थळावर येणाऱ्यांचे आयपी पत्ते (इंटरनेटवरील जोडणी ओळखणारे क्रमांक) नोंदवण्याविषयीचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. विषय निवडलात हे चांगलेच केले. पण सोबत छापलेली पीएचपी (सर्व्हरवर चालणारी संगणकभाषा) स्क्रिप्ट वाचक जशीच्या तशी सर्व्हरवर चढवणार, आणि तिच्या पहिल्या तीन ओळीच घातक आहेत, म्हणून हे पत्र.

त्या ओळी आधी 'क्लायंट आयपी' हे हेडर (विनंतीसोबत येणारी माहितीची ओळ) बघतात, ते नसेल तर 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर', आणि दोन्ही नसतील तरच 'रिमोट अ‍ॅड्रेस'. हा क्रम नेमका उलटा आहे. पहिली दोन हेडरे म्हणजे समोरच्याने विनंतीसोबत पाठवलेला निव्वळ मजकूर. 'कर्ल' हे विनंत्या पाठवणारे साधन वापरून एका ओळीत त्यांत काहीही भरता येते. 'रिमोट अ‍ॅड्रेस' मात्र सर्व्हर प्रत्यक्ष टीसीपी जोडणीवरून घेतो. खोटा पत्ता दिला तर सर्व्हरचे उत्तर त्या खोट्या पत्त्यावर जाते आणि जोडणीच पुरी होत नाही.

याचे परिणाम नोंदवहीपुरते राहत नाहीत. पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला की पत्ता अडवा, असा नियम लेखात याच स्क्रिप्टवर बांधला आहे. हल्लेखोर दर वेळी हेडरमध्ये नवा पत्ता लिहील आणि कधीच अडणार नाही. उलट दुसऱ्याचा पत्ता लिहून त्यालाच बाहेर ठेवता येईल. शिवाय हेडरमध्ये पत्त्याऐवजी जावास्क्रिप्टचा तुकडा पाठवला, की यादी दाखवणाऱ्या व्यवस्थापकाच्या पानावर तो चालेल. पत्ता 'फिल्टर व्हार' या पीएचपीच्या तपासणी फंक्शनमधून तपासल्याशिवाय लिहायचा नाही आणि 'एचटीएमएल स्पेशल कॅर्स' (कोडची चिन्हे साध्या मजकुरात बदलणारे फंक्शन) मधून काढल्याशिवाय दाखवायचा नाही. यूझर एजंटचेही (ब्राउझरची ओळख सांगणारे हेडर) तेच. त्यातली नवी ओळ सुरू करणारी चिन्हे आधी काढावीत, नाहीतर खोट्या नोंदी घुसू शकतात.

सर्व्हरपुढे स्वतःचा प्रॉक्सी (मध्ये बसणारा सर्व्हर) किंवा सीडीएन (मजकूर पोहोचवणारे सर्व्हरांचे जाळे) असेल तर 'रिमोट अ‍ॅड्रेस' मध्ये त्याचाच पत्ता येतो, हे खरे. अशा वेळी आधी तो आपल्या विश्वासू यादीत आहे का ते पाहायचे आणि मगच 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' मधली पत्त्यांची यादी (प्रत्येक प्रॉक्सी तिच्या शेवटी एक पत्ता जोडतो) उजवीकडून वाचायची. आपले प्रॉक्सी वगळत डावीकडे सरकताना जो पहिला अनोळखी पत्ता लागेल, तोच धरायचा. लेखातली स्क्रिप्ट सर्वांत डावीकडचा पत्ता उचलते, आणि तो पाहुण्याने स्वतः लिहिलेला असू शकतो. हे काम स्क्रिप्टमध्ये करूच नये. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये 'मॉड रिमोट आयपी' आणि एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये 'रिअल आयपी' मॉड्यूल त्याचसाठी आहेत. विश्वासू प्रॉक्सी आणि वाचायचे हेडर तिथे नीट नोंदवले की स्क्रिप्टला योग्य पत्ता आपोआप मिळतो.

डेटाबेसमधल्या पत्त्याच्या स्तंभाची लांबी लेखात 15 अक्षरे सांगितली आहे, ती फक्त आयपीव्ही4 ला (पत्त्यांची जुनी, आखूड पद्धत) पुरते. आयपीव्ही6 (नवी, लांब पद्धत) पत्ता पूर्ण लिहिला तर 39 अक्षरांचा होतो, शेवटी आयपीव्ही4 जोडलेल्या रूपात 45 पर्यंत जातो. डेटाबेस एकतर नोंद नाकारतो किंवा पत्ता मध्येच तोडतो. पत्ता 'इनेट पीटन' (पत्त्याचे बायनरी रूप करणारे फंक्शन) वापरून 16 बाइटांपर्यंतच्या, बदलत्या लांबीच्या बायनरी स्तंभात ठेवावा. फाइलमध्येच लिहायचे असेल तर ती वेब फोल्डरच्या बाहेर हवी, कारण लेखात सुचवलेल्या जागी ती कोणीही ब्राउझरमध्ये उघडू शकेल. फाइलमध्ये लिहिताना 'अपेंड' (शेवटी जोडा) आणि 'लॉक' (लिहीपर्यंत फाइल अडवून धरा) ही दोन्ही निशाणे नसतील तर पहिल्याअभावी आधीची यादी दर भेटीला पुसली जाते आणि दुसऱ्याअभावी एकाच क्षणी आलेल्या नोंदी एकमेकांत मिसळू शकतात.

एक पत्ता म्हणजे एक माणूस, हे विधानही दुरुस्त करावे. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात. म्हणूनच 2011 च्या आरएफसी 6302 (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) मध्ये पत्त्याबरोबर सोर्स पोर्ट (पाठवणाऱ्याच्या जोडणीचा क्रमांक) आणि अचूक वेळ नोंदवण्याची शिफारस आहे. पत्ते एमडी5 या पद्धतीने हॅश केले (ठरावीक लांबीच्या सांकेतिक अक्षरांत बदलले) की खासगीपणा जपला जातो, हा दावा तर अजिबात टिकत नाही. आयपीव्ही4 चे एकूण पत्ते सुमारे 429 कोटी. साध्या संगणकावरही सगळ्यांचे हॅश काढून जुळवता येतात. एचमॅक, म्हणजे गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश, वापरावा आणि ती किल्ली ठरावीक काळाने नष्ट करावी. तितकीही गरज नसेल तर शेवटचा भाग शून्य करून ठेवावा.

आणखी एक. छपाईत सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झाली आहेत, अंडरस्कोअर गळले आहेत आणि रकान्याच्या रुंदीसाठी एक अवतरणातली ओळ मध्येच तोडून तिथे जोडरेघ घातली आहे. चुका सुधारल्या तरी ही स्क्रिप्ट चालणार नाही. दुरुस्ती छापाल तेव्हा कोड समान रुंदीच्या अक्षरांत, पूर्ण पानभर रुंदीचा छापावा ही विनंती.

आपला,
एक वाचक