‘इतर’ नावाचा रकाना

ट्रोम्सो, नॉर्वे
४ ऑक्टोबर

प्रिय दिग्या,

तुझं पत्र मी समुद्रावर असताना येऊन पडलं होतं. काल बोटीवरून उतरलो, आज वाचलं. ‘किती मासळी मारलीस?’ म्हणे! हर्णैच्या माणसाला दुसरा प्रश्न सुचायचाच नाही. तर ऐक, विकायला किलोभरसुद्धा नाही. आम्ही मोजायला गेलो होतो.

बॅरेंट्स समुद्र म्हणजे नॉर्वे आणि रशियाच्या डोक्यावरचा. नकाशात अथांग वाटतो, पण सरासरी खोली २३० मीटरच. २००४ पासून दरवर्षी उन्हाळा सरता सरता, बर्फ सगळ्यात मागे हटलेलं असतं तेव्हा, दोन्ही देशांच्या बोटी हा समुद्र वाटून घेतात आणि साधारण पस्तीस-पस्तीस सागरी मैलांवर एकेक ठिकाण करत जातात. (त्या दोघांचं बाकी किती बिनसलंय ते तू वाचतोसच. पण कॉडला सरहद्द कोण दाखवणार? माशांपुरतं तरी बोलावंच लागतं.)

ठिकाण आलं की आधी सीटीडी नावाचं मोजयंत्र तळापर्यंत सोडायचं, म्हणजे पाण्याचं तापमान आणि खारटपणा कळतो. मग जाळं. कोळंबीचं ट्रॉल, शेपटीला आस, म्हणजे जाळ्याचं भोक, २२ मिलिमीटरचा. ३ नॉट वेगाने १५ मिनिटं तळावरून ओढायचं आणि वर घ्यायचं. जेमतेम १.४ किलोमीटर होतं. तुमचा तांडेल ऐकून हसेल. पण खरी गंमत पुढे आहे. खोल पाण्यात जाळं ओढणारी वायर जास्त सोडली की जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या दोन बाजूंच्या फळ्या जास्त फाकतात, जाळ्याचं तोंड रुंद होतं आणि उगाचच जास्त मासळी येते. म्हणून दोन वायरींच्या मधे दोर बांधून त्या आवरून धरतात. जास्त मासळी येऊ नये म्हणून खटाटोप करणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली! एवढं कशासाठी, तर जाळं दरवर्षी तेच असेल तरच ‘गेल्या खेपेला होता, या खेपेला नाही’ असं म्हणता येतं.

सहा तास काम, सहा तास झोप. हातमोजे आतून ओले, बोटं लाकडासारखी. पट्ट्यावरून मासळी येते आणि प्रत्येकाची जात लावायची, लांबी-वजन घ्यायचं. पहिल्याच दिवशी मी एक ढीग बाजूला सारला, सवयीने. बोटभर लांबीचे, बुळबुळीत, बिनकामाचे. पाळीप्रमुख बाईंनी विचारलं, ‘हे काय?’ मी म्हटलं, ‘इतर.’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आमच्या तक्त्यात तो रकाना नाही.’

मला एकदम मिरकरवाडा आठवला. आपण दोघं वही घेऊन जेटीवर उभे, बांगडा अमुक, सौंदाळा तमुक, म्हाकूल तमुक, आणि उरलेलं सगळं ‘इतर’. त्या एका रकान्यात आपण किती जाती कोंबल्या असतील रे? सरांनी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही.

इथे त्या ढिगाऱ्यातच सगळी गोष्ट आहे. एक मासा आहे, ट्रिग्लॉप्स नायबेलिनी. वीतभरही नाही, डोळे मात्र डोक्याला न शोभणारे, बटबटीत. तळाशी, शून्याच्या आसपासच्या पाण्यात राहणारा. त्याच थंडीत लायपॅरिस, हातात धरला तर जेलीसारखा, पोटाला चिकटायची चकती. आणि लायकोडीस, वामसारखे लांबट, त्यांच्या जाती ओळखताना माझी पुरती भंबेरी उडाली. कुशीवरच्या रेषेची वळणं बघून ठरवायचं असतं. तीन मी चुकीच्या नावावर घातले, बाईंनी तिन्ही परत आणून माझ्यापुढे ठेवले. बाजारात यांना कुत्रं विचारणार नाही.

एका दिवशी होपेन बेटाच्या पूर्वेला सकाळचं ठिकाण केलं, तळाचं पाणी उणे एक अंशाच्या खाली. जाळ्यात हीच मंडळी आणि ध्रुवीय कॉड, किडकिडीत, दुभंगल्या शेपटीचा. समुद्राचं पाणी उणे १.९ ला गोठतं, साध्या माशाचं रक्त त्याच्या बरंच आधी. याच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते बर्फाच्या कणाला चिकटतं आणि त्याला वाढूच देत नाही. अंडी घालतो बर्फाखाली. सील, पांढरे देवमासे, समुद्रपक्षी सगळे याच्या चरबीवर जगतात.

त्याच रात्री दक्षिणेकडे आलो. अटलांटिकचं उबदार पाणी आणि ध्रुवाकडचं थंड पाणी भेटतं ती सीमा आम्ही ओलांडली होती. तळ तीन अंशांच्या वर, आणि जाळ्यात कॉड. मोठमोठे, हातभर, पोटं तट्ट. पट्टा थांबेना. खलाशी खुशीत. मी एकाचं पोट चिरलं तर आत अर्धवट पचलेले ध्रुवीय कॉड. (पोटं तपासायचं काम दोन्ही देश १९८४ पासून करतायत. किळसवाणं आहे, पण कोण कोणाला खातो ते याहून चांगलं कुठून कळणार?)

ती सीमाच वर सरकतेय. इथल्या संशोधक मारिया फॉसहाइम आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१२ च्या मोजणीवरून २०१५ मध्ये तेच दाखवलं: दक्षिणेकडची मोठी, काहीही खाणारी मासळी उत्तरेला पसरतेय आणि ही थंड पाण्याची छोटी मंडळी मागे रेटली जातायत. मागे तरी कुठवर जाणार? उत्तरेला उथळ समुद्र संपतो, पुढे हजारो मीटरचा खड्डा. तळाला चिकटून जगणाऱ्याने तिथे जायचं कसं? आणि दिग्या, यात कोणाची बोट रिकामी परत येत नाही. कॉड मिळतोय ना! हरवतंय ते सगळं ‘इतर’ मधलं.

२०१३ मध्ये स्वालबार्डच्या, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांच्या, एका फिऑर्डात (डोंगरांमधे घुसलेल्या खाडीत) अटलांटिक मॅकरेल सापडला, म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच. ७८ अंश उत्तरेला! हे ऐकून मला आनंद व्हावा की वाईट वाटावं कळेना. भूक मात्र लागली.

आता एक काम सांगतो, नाही म्हणू नकोस. लिलाव उरकल्यावर जेटीवर जो ढीग उरतो, त्यातली एक पाटी महिन्यातून एकदा घे. दर खेपेला त्याच बोटीकडून, तेवढ्याच वजनाची. जाती लाव, ज्या लागणार नाहीत त्यांचे फोटो पाठव. गिनतीची आपली जुनी वही माझ्या आईकडे कपाटात असेल, मागून घे.

आईंना सांग, तिरफळं पोचली. कॉडच्या तिखल्यात घातली, पण कॉड म्हणजे आजारी माणसाचं जेवण, त्याला कशाचीच चव लागत नाही. माझ्या वाटचा एक बांगडा तूच खा.

तुझा,
बाळ्या