सूचना : एलईडी क्यूबची जोडणी सुरू करण्याआधी

सर्व सभासदांनी कृपया लक्ष द्यावे.

आठ बाय आठ बाय आठचा क्यूब, म्हणजे एलईडी (छोटे दिवे) जोडून केलेला ठोकळा; त्यात ५१२ एलईडी. सोल्डरिंगला बसण्याआधी प्रत्येक एलईडी रेझिस्टर (करंट मर्यादेत ठेवणारा भाग) लावून पेटवून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण मधल्या थरातला एखादा नंतर बदलायचा म्हटलं की शेजारचे पाय वाकतात आणि अख्खी रांग तिरकी होते. एलईडीचा लांब पाय (धन) उभ्या खांबाला, आखूड (ऋण) आडव्या थराला.

६४ खांब आणि ८ थर, म्हणजे ७२ वायरी. क्यूब चालवणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला एवढ्या पिना नाहीत. खांबांसाठी ७४एचसी५९५ (मोजक्या पिनांवरून आठ आउटपुट देणारा शिफ्ट रजिस्टर) च्या आठ आयसी घ्या. थराचा करंट ट्रान्झिस्टरमधूनच (इथे तो स्विचचं काम करतो) जाऊ द्या.

प्रोग्रॅममध्ये एका वेळी एकच थर पेटवायचा; थर भरभर बदलले की सगळे एकदम पेटल्यासारखे दिसतात. नवा डेटा लॅच करण्याआधी (म्हणजे आयसीच्या आउटपुटवर आणण्याआधी) चालू थर बंद करा, नाहीतर नको तिथे मंद उजेड दिसतो.