मियाजिमाच्या आजींना

आजी, साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आई आणि मी जपानमधल्या तुमच्या मियाजिमा बेटावर पोचलो तेव्हा भरती पुरती चढलेली. इत्सुकुशिमा देवळाचं ते लाल महाद्वार, तोरी, पाण्यात उभं होतं. आईचे गुडघे दुखायला लागले होते. लांबूनच हात जोडू आणि परतीची बोट धरू, असं माझं चाललं होतं. तेवढ्यात तुम्ही पिशवीतून भरती-ओहोटीच्या वेळांचा कागद काढलात, एका आकड्यावर बोट ठेवलंत आणि तळहात हळूहळू खाली नेलात. थांबा, पाणी उतरेल.

आणि नुसतं सांगून गेला नाहीत, तर आमच्याबरोबर थांबलात. देवळाच्या लाकडी ओवऱ्यांतून नेताना फळ्यांमधल्या फटी दाखवल्यात. भरतीच्या पाण्याने तळ उचलू नये म्हणून त्या मुद्दाम ठेवलेल्या. अख्खं बेटच देव, म्हणून देऊळ किनाऱ्यावरच्या पाण्यात बांधलं, हे मी वाचलं होतं. त्या फटीतून खाली हलणारं पाणी पाहिलं तेव्हा ते पटलं.

शेजारच्या दाइगान्जी या बौद्ध मंदिरात बेन्झाइतेन देवीची मूर्ती वर्षातून एकदाच, 17 जूनला दर्शनाला खुली होते. बंद दारासमोर तुम्ही बोटांनी हवेतच वीणा छेडलीत. आई चटकन म्हणाली, "अगं, ही तर आपली सरस्वती!" खरंच तीच ती, चीनमार्गे जपानला पोचलेली. आईने तिथेच श्लोक म्हटला. तो संपेपर्यंत तुमचे हात जोडलेले होते.

मग पाणी उतरलं. तुम्ही आईच्या चपला स्वतःच्या हातात घेतल्यात (मला घेऊ दिल्या नाहीत!) आणि ओल्या वाळूतून तिला थेट खांबापर्यंत नेलंत. कापराच्या झाडाचे अख्खे बुंधे ते, खाली शिंपले चिकटलेले. 1875 सालचं, सुमारे 60 टनांचं हे द्वार जमिनीत न पुरता स्वतःच्याच भारावर उभं आहे. आईने खांबाला हात लावून तो कपाळाला लावला. बाबा गेल्यानंतर तिचा चेहरा इतका शांत मी पाहिला नव्हता.

धक्क्यावर आई तुमच्या पाया पडायला वाकली, तर तुम्ही तिच्याहून खाली वाकलात. गडबडीत तुमचा तो कागद आईच्या पर्समध्येच राहिला. आता तो आमच्या देवघरात आहे.

तुमची,
पुण्याहून आलेली ती मुलगी