सायबर थ्रिलरच्या नावाखाली काहीही दाखवलंत, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : रेंटवर घेतलेल्या पिक्चरचे १४९ रुपये परत मिळण्याबाबत आणि एका सीनबाबत

नमस्कार,

शनिवारी रात्री घरच्या सगळ्यांनी मिळून तुमच्या ॲपवर तो इंटरनेट गुन्हेगारीवरचा नवीन थ्रिलर बघितला. सुरुवातीलाच 'सत्य घटनांवर आधारित' अशी पाटी येते, तीच बघून आम्ही रेंट भरला होता आणि माझी मेन तक्रार त्या पाटीवरच आहे.

रिटायर्ड मास्तरांना व्हिडिओ कॉल येतो, खाकी वर्दीतला माणूस म्हणतो तुमच्या आधारवर पार्सल गेलंय, त्यात ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. इथपर्यंत अगदी खरं आहे, आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंना असंच रात्रभर फोनसमोर बसवून ठेवलं होतं, बाथरूमला जायचं तरी विचारून जायचं, आणि सकाळी बँकेत पाठवून एफडी मोडायला लावली. पण पिक्चरमध्ये मास्तरांचे पैसे गेल्यावर मुलगी चौकीत जाते तर हवालदार म्हणतो २४ तासांनी या, ती गप घरी येते आणि पुढे कुणीच कधीच सांगत नाही की हे चुकीचं आहे!!

अहो त्या पहिल्या तासा-दोन तासातच तर सगळं असतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइन नंबरला लगेच फोन केला तर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळायच्या आत होल्ड करता येतात, काकूंच्या मुलीने तेच केलं म्हणून थोडे तरी वाचले. अख्ख्या पिक्चरमध्ये १९३० हा नंबर एकदाही नाही. डिजिटल अरेस्ट, म्हणजे असं व्हिडिओ कॉलवर अटकेत ठेवणं, असं काही कायद्यात नाहीच हेसुद्धा कुणी बोलत नाही, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं तरी.

मग हिरो येतो, दोन मिनिटं कीबोर्ड बडवतो, नकाशावर लाल ठिपका येतो आणि चोर सापडला. एकच हुडीवाला पोरगा सगळी बँक पण लुटतो. ऑगस्ट २०१८ ला आमच्या पुण्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले तेव्हा मालवेअर म्हणजे घातक सॉफ्टवेअर वापरून, क्लोन केलेली म्हणजे नकली कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून माणसांनी पैसे काढले होते, खरा थ्रिलर तर तो आहे. आणि ज्यांच्या खात्यातून पैसे फिरवतात ती पोरं, थोड्या पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हातात देणारी, ती तुमच्या पिक्चरमध्ये कुठेच दिसली नाहीत. नोकरीच्या आमिषाने म्यानमार, कंबोडियाला नेऊन मारहाण करून असे कॉल करायला लावलेली आपलीच मुलं पण नाहीत. लेखकाने एकदा पोलिसांच्या सायबर सेलमध्ये जाऊन बसायला हवं होतं.

अजून एक, मास्तर रडत असतात तेव्हा जावई हसतो आणि बॅकग्राउंडला कॉमेडी म्युझिक वाजतं. काकू बाजूलाच बसल्या होत्या, त्या उठून घरी गेल्या. त्याचं मला फार वाईट वाटलं.

तुमच्या ॲपच्या हेल्पलाइन चॅटवर 'पिक्चर सुरू केल्यावर रिफंड मिळत नाही' एवढंच उत्तर आलं म्हणून हे लेखी देतोय. रेंटचे पैसे परत करा, ती 'सत्य घटनांवर आधारित' पाटी काढा, आणि २४ तासांच्या त्या सीनवर खाली १९३० नंबर आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन ही वेबसाइट मराठीत ठळक दाखवा. लेखी उत्तराची वाट बघतोय, नाही आलं तर ग्राहक आयोगात जाणार आहे.

तुमचा एक ग्राहक,
कोथरूड, पुणे