आवाहन: आपल्या सराव मंचावर स्मॉलटॉक आणण्यासाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या संगणक अभ्यास मंडळाचा मराठी कोडिंग सराव मंच तालुक्यातल्या मुलामुलींच्या आता चांगलाच अंगवळणी पडला आहे. उदाहरण वाचायचं, उत्तर लिहायचं, बटण दाबलं की टेस्ट चालतात आणि कुठे अडलं ते तिथल्या तिथे कळतं. सध्या तिथे सी, जावा आणि पायथन आहेत. यंदा स्मॉलटॉक ही प्रोग्रामिंगची भाषा जोडायचं मंडळाने ठरवलं आहे. हे काम आमच्या मोजक्या माणसांच्या आवाक्यातलं नाही, म्हणून हे आवाहन.

पालकांचा पहिला प्रश्न असतो, याने नोकरी मिळेल का? थेट स्मॉलटॉकच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण आपली मुलं पुढे ज्या कामावर पोट भरणार आहेत, त्याचा बराचसा पाया या भाषेत घातला गेला. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत १९७२ पासून ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. वेब शिकणाऱ्या प्रत्येकाला भेटणारी एमव्हीसी रचना (माहिती, तिचं पडद्यावरचं रूप आणि वापरणाऱ्याच्या सूचना वेगळ्या ठेवण्याची पद्धत) १९७९ च्या सुमारास तिथेच, स्मॉलटॉकवर काम करताना आकाराला आली. केंट बेक या प्रोग्रामरनी स्मॉलटॉकसाठी एसयुनिट हे टेस्ट चालवण्याचं साधन लिहिलं आणि त्याच वळणावर पुढे जावाचं जेयुनिट आलं, जे आपली इंजिनिअरिंगची मुलं रोज वापरतात. शाळेतल्या लहानग्यांचं स्क्रॅच, ज्यात ठोकळे जोडून प्रोग्राम करतात, तेसुद्धा सुरुवातीला स्मॉलटॉकच्या स्क्वीक या आवृत्तीतच लिहिलेलं होतं. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत २००७ मध्ये मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले होते, ते अनेकांना आठवत असतील. त्यांच्यासाठी तयार केलेल्या सॉफ्टवेअरमधलं ईटॉईज हे मुलांचं प्रोग्रामिंगचं साधनही स्क्वीकवरच उभं आहे.

शिकवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र खरी गंमत भाषेच्या आत आहे. भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द जेमतेम सहा. बाकी सगळं म्हणजे ऑब्जेक्टला, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र असलेल्या वस्तूला, पाठवलेला मेसेज. ‘३ + ४ * २’ लिहिलं तर उत्तर १४ येतं, कारण तीनला ‘+ ४’ हा मेसेज आधी जातो आणि आलेल्या सातला ‘* २’ जातो. ‘जर-तर’साठीही वेगळं व्याकरण नाही, खरं किंवा खोटं या ऑब्जेक्टलाच विचारायचं. ऑब्जेक्ट म्हणजे काय हे जावाच्या पुस्तकातून पाठ करून परीक्षा देणारी मुलं आम्ही दरवर्षी पाहतो. त्यांना ते एकदा हाताने करून पाहायला मिळावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. आपला मंच एक फाइल घेतो, ती चालवतो आणि निकाल दाखवतो. स्मॉलटॉकमध्ये कोड पारंपरिकरीत्या सुट्या फाइलींत नसतो. क्लास (ऑब्जेक्टचा साचा), ऑब्जेक्ट, साधनं असं सगळं मिळून एक जिवंत ‘इमेज’, म्हणजे चालू स्थितीसकट साठवलेला एकच संच, असते. आम्ही स्मॉलटॉकची फारो ही मुक्त आवृत्ती निवडली आहे. २००८ मध्ये स्क्वीकपासून वेगळी झालेली ही आवृत्ती एमआयटी परवान्यावर मिळते, त्यामुळे परवान्याचा खर्च शून्य. ती पडद्याशिवाय, कमांड लाइनवरूनही चालते आणि टोनेल या कोड साठवण्याच्या पद्धतीने प्रत्येक क्लासची वेगळी फाइल करता येते. तेव्हा मार्ग आहे: प्रत्येक उत्तरासाठी कोऱ्या इमेजची नवी प्रत उघडायची, मुलाचा क्लास तिच्यात भरायचा, एसयुनिटच्या टेस्ट चालवायच्या आणि प्रत टाकून द्यायची. कुणाचा लूप संपेचना, तर तोही वेळेत थांबवायला हवा. यासाठी आजच्या सर्व्हरची मेमरी पुरणार नाही.

म्हणून सर्व्हरच्या वर्षभराच्या भाड्यासाठी देणगी हवी आहे. शंभर रुपयेही चालतील. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लागेल. हा निधी दुसऱ्या कशासाठीही वापरला जाणार नाही.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. डॉकर (प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवण्याचं साधन) आणि लिनक्स येणारे दोघेतिघे मिळाले, तर चाचणी यंत्रणा उभी राहील. स्मॉलटॉक येत नसलं तरी हरकत नाही, चांगलं मराठी येणाऱ्या शिक्षकांनी उदाहरणं लिहावीत. एसटीचं तिकीट, दूध डेअरीचा हिशेब, ग्रामपंचायतीची घरपट्टी असे आपले विषय घ्या, टेस्ट आम्ही बसवू. आणि पुण्या-मुंबईत किंवा परदेशात कुणी पूर्वी स्मॉलटॉकवर काम केलं असेल, तर मुलांची उत्तरं वाचून दोन ओळी लिहायला आठवड्यातला एखादा तास द्या. मशीन ‘बरोबर’ म्हणतं, पण ‘हे याहून सोपं होईल’ हे अनुभवी माणूसच सांगतो. आम्हाला सगळ्यात जास्त ओढ याच मदतीची आहे.

देणगी वाचनालयाच्या कचेरीत कामाच्या वेळेत स्वीकारली जाईल. काम करू इच्छिणाऱ्यांनी येत्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता अभ्यासिकेत यावं. लॅपटॉप असेल तर सोबत आणावा, फारो तिथेच बसवून देऊ.

आपले,
संगणक अभ्यास मंडळ, सार्वजनिक वाचनालय